घड्याळाला उजाळा

“लग्नाआधी दागिने सोनाराकडं टाकतात की नाही, तसा ह्याला उजाळा पाहिजे. नवं दिसलं पाहिजे, कोरं करकरीत,” असं म्हणत घोडक्यानं रुमालाची पुरचुंडी माझ्या काउंटरवर ठेवली.

मी डोळ्याला भिंग लावून एका मास्तरांचं घड्याळ उघडून बसले होते. तो आवाज कानावर आला आणि चिमट्यातला स्क्रू निसटून कुठं गेला तो गेलाच. मान वर केली नाही. ज्याचं तोंड दिसू नये म्हणून मी गल्लीचा वळसा घालून बाजार करत होते, तो आज आपल्या पायांनी माझ्या दुकानाची पायरी चढला होता.

“काय मेहुणीबाई, ओळख टाकली का काय?”

“इथं मेहुणीबिहुणी कुणी नाही, घोडके. काम काय ते बोला.”

बाकड्यावर शेजारचे हुसेनभाई टेलर बशीत चहा ओतून बसले होते. दुपारचा चहा ते माझ्याच दुकानात घ्यायचे, पार आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या वेळेपासून. त्यांनी घोडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि बशी तोंडाला लावली.

हा बाळकृष्ण घोडके म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मथुराअक्काचा नवरा. म्हणजे होता. मूल होत नाही म्हणून एके दिवशी त्यानं अक्काला ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडली. उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नाही. पुढच्या लग्नसराईत दुसरी करून मोकळा झाला. अक्का तेव्हापासून आमच्याकडंच. दुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या, तिथं तिचं आयुष्य लोकांचे पापड लाटण्यात आणि माझ्यासाठी भाकरी थापण्यात गेलं. आबा गेल्यावर दुकान माझ्या हातात आलं. बार्शीत एक बाई घड्याळं दुरुस्त करते म्हणून सुरवातीला लोक नुसते बघायला यायचे. नंतर घड्याळं घेऊन यायला लागले.

मी पुरचुंडी सोडली. आत आबांचं ओमेगा घड्याळ होतं.

गिरणीतला गोरा साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्यानं ते स्वतःच्या हातातून काढून आबांना दिलं होतं. बंगल्यावरची सगळी घड्याळं आबांनी राखली होती, त्याची आठवण म्हणून. सोन्याची केस, म्हणजे यंत्राभोवतीची डबी, मूळची पांढरी डायल, आणि ती वर्षानुवर्षं पिवळी पडत पडत साजूक तुपाच्या रंगावर आलेली. आबा रोज सकाळी अंघोळीनंतर आधी त्याला चावी द्यायचे आणि मग देवाला नमस्कार करायचे. आई त्यावरून त्यांना बोलायची.

ते घड्याळ आबांच्या मनगटावरून उतरलं अक्काच्या लग्नात. पंगतीत जावई रुसतो ही आमच्याकडची रीतच आहे. नवरदेव घास उचलत नाही, सासरा हसत हसत काहीतरी कबूल करतो, बायका चेष्टा करतात आणि जेवणं सुरू होतात. घोडक्याला अंगठी दिली, तरी घास उचलेना. आबांनी त्याच्यासाठी नवंकोरं घड्याळ आणून ठेवलं होतं, ते दिलं, तरी उचलेना. म्हणाला, “मामांच्या हातातलं पाहिजे.” चेष्टाच असेल म्हणून सगळे हसले. तो हसला नाही. सगळी पंगत ताटकळली, भात गार झाला, त्याचा बाप मिशीवरून हात फिरवत दुसरीकडं बघत बसला. शेवटी आबांनी भरल्या मांडवात पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

अक्काला परत आणून सोडल्यावर आबा एकदा त्याच्या दारात गेले होते. “पोरीचं काही मागत नाही, तेवढं घड्याळ द्या,” म्हणाले. हा म्हणाला, “ते मला मानानं मिळालंय.” आबा दारातूनच परत आले. त्यानंतर त्यांनी मनगटाला घड्याळ बांधलं नाही. साऱ्या गावाची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस रस्त्यात लोकांना किती वाजले ते विचारायचा, आणि लोक हसायचे. त्या हसण्याचा राग माझ्या पोटात तसाच्या तसा होता. अक्का देवभोळी, तिनं सगळं नशिबावर सोडून दिलं होतं. मी काही सोडलं नव्हतं.

“विकायचंय,” घोडके सांगत होता. “मुंबईचा एक शेठ आहे, जुनी घड्याळं घेतो. पुतण्यानं गाठ घालून दिली. दिवाळीला येतोय बघायला. माझ्या पोराचं आख्खं दुकान उभं राहतंय बघ ह्यात. म्हणून म्हटलं, जरा झकपक करून ठेवावं. म्हैस बाजारात न्यायची तर शिंगाला तेल लावतोच की आपण.”

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या भारी घड्याळाचं गणित म्हशीच्या उलटं असतं. त्याचं यंत्र धुवावं, तेल द्यावं, पण तोंडाला हात लावू नये. पिवळी पडलेली डायल नव्यानं रंगवली, केसवर बफ मारून ओरखडे घालवले, की घड्याळ चमकतं खरं, पण जाणकाराच्या लेखी ते मेलं. ओरखड्याबरोबर सोनं जातं, धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि गेलेली डायल ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. हे मला आबांनी शिकवलं होतं. घोडक्याला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते स्पष्टच सांगते. द्यावा उजाळा. बफची मशीन कोपऱ्यात होतीच. गिऱ्हाईक तोंडानं मागतंय, आपण द्यायचं, आणि दिवाळीत त्याचं दिवाळं निघताना लांबून बघायचं. मी केसची मागची बाजू अंगठ्यानं पुसली. आबांच्या मनगटावर जिथं ते टेकायचं तिथं सोनं गुळगुळीत झालं होतं. माझा हात काही मशीनकडं वळेना. शिवाय मी ते केलं असतं तर घोडक्यानं गावभर बोंब मारली असती की मेहुणीनं खुन्नस काढली. सूड घ्यायचा तर असा घ्यावा की बोट दाखवायला जागा राहू नये.

“आधी आतलं बघते,” मी म्हणाले. “तेल सुकलंय ह्याचं.”

“माझ्यासमोर उघडायचं. तुमच्यात पार्ट बदलतात, मला ठाऊक आहे.”

“बसा की मग समोर. चोराच्या मनात चांदणं.”

हुसेनभाईंना ठसका लागला. घोडके स्टूल ओढून माझ्या नाकासमोर बसला आणि खरंच डोळ्यांत तेल घालून माझ्या हातांकडं बघत राहिला. मी केस उघडली. काटे काढले, डायल कडेनं धरून उचलली आणि पालथ्या काचेच्या वाटीखाली झाकून ठेवली. यंत्राचा एकेक भाग सुटा करून पेट्रोलमध्ये धुतला, सुकवला, ओळीनं मांडला. आबांच्या हातांनी कधीकाळी आवळलेले स्क्रू मी सोडवत होते आणि ज्यानं त्यांच्याकडून ते हिसकावलं तो माणूस दात कोरत मला आपल्या पोराच्या हुशारीच्या गोष्टी सांगत होता. मागच्या खोलीत पोळपाटावर लाटण्याचा आवाज चालू होता. घोडके जरा मोठ्यानं हसला आणि तो आवाज थांबला. अक्कानं ओळखलं होतं. ती बाहेर आली नाही.

घोडक्यानंही त्या दाराकडं एकदा बघितलं. “बरी आहे ना?” त्यानं विचारलं.

“तुम्ही सोडल्यापासून बरी आहे.”

मी सुईच्या टोकानं तेल दिलं, सगळं जिथल्या तिथं बसवलं, एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. डायल वर चढवली, काटे लावले, चावी दिली. घड्याळ चालायला लागलं. मी ते कानाला लावलं. लहानपणी आबांच्या दंडावर डोकं ठेवून झोपायचे तेव्हा ऐकलेला आवाज तोच होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते घोडक्याला दिसू नये म्हणून मी भिंग काढलंच नाही.

त्या क्षणी मला सुचलं. हा माणूस मला पुरता ओळखून आहे. मी त्याचं वाईट चिंतते हे त्याला पक्कं माहीत आहे. मी उत्तर म्हटलं की हा दक्षिणेला जाणार. मग खोटं बोलायची गरजच काय?

मी भिंग काढता काढताच डोळे पुसले आणि तोंडभर हसले. “दाजी,” मी म्हणाले, “एक सांगू का? तुमच्याच भल्याचं आहे.”

अक्काला सोडून दिल्यापासून मी त्याला दाजी म्हटलं नव्हतं. तो असा चरकला की स्टूल मागं सरकलं.

“बोल.”

“यंत्र आता उत्तम चालेल. पण ह्याला उजाळाबिजाळा देऊ नका, दाजी. डायल रंगवायची नाही, केसला बफ मारायचा नाही, पट्टासुद्धा बदलू नका. असंच मळकट त्या शेठसमोर ठेवा. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या जुनेपणात असते. रंगवलंत तर मातीमोल होईल. आपल्या माणसाचं नुकसान मला बघवायचं नाही, म्हणून सांगते.”

ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त शेवटचं वाक्य सोडून, पण ते काही घड्याळाबद्दल नव्हतं.

घोडके माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या ओठांवर हळूहळू हसू आलं, आणि ते हसू बघून मला काय गार वाटलं म्हणून सांगू.

“व्वा,” तो म्हणाला. “आपल्या माणसाचं नुकसान. शालन, मी काय काल जन्मलो का? हे असं कळकट ध्यान समोर ठेवलं की शेठ नाक मुरडून जाणार. मग तू म्हणणार, दाजी, कशाला ठेवता, द्या मलाच. आवळा देऊन कोहळा काढायला निघालीस होय?”

“नाही ऐकायचं तर नका ऐकू, दाजी. माझं काम मी केलं.”

“आणि सारखं दाजी दाजी काय लावलंयस?” त्यानं घड्याळ रुमालात गुंडाळलं. “सोलापुरात एक कारागीर आहे. डायल अशी करून देतो की दुकानातून आत्ता आणलीय म्हणावं. त्याच्याकडंच टाकतो.”

तो पायऱ्या उतरून गेला. हुसेनभाईंनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता.

“ताई, हे खरं सांगितलंस ना तू? रंगवलं की वाया जातं ते?”

“खरं.”

“मग त्याला पटलं नाही. तुझं पटणार नाही, पण माझं पटेल. मी गाठतो त्याला कोपऱ्यावर.” ते उठलेच, चपलेत पाय घालायला लागले. “आबांची चीज आहे ती. कुणाच्या का हातात असेना, राहिली पाहिजे.”

घोडके अजून दिसत होता. पानाच्या टपरीजवळ चुना मळत उभा होता. हुसेनभाईंनी दोन शब्द सांगितले असते तर त्यानं ऐकलं असतं. घड्याळ वाचलं असतं. शेठनं ते घेतलं असतं, घोडक्याचं पोरगं दुकानाच्या गल्ल्यावर बसलं असतं, आणि त्या पंगतीतल्या रुसण्याचं फळ त्याला दुसऱ्यांदा मिळालं असतं.

“हुसेनभाई,” मी म्हणाले, “तुमचा चहा गार होतोय.”

“अगं पण...”

“बसा. आबा त्याच्या दारातून परत आले होते, तेव्हा कुणी गाठलं नव्हतं त्याला कोपऱ्यावर.”

ते चपला काढून परत बाकड्यावर बसले, पण चहा त्यांनी घेतला नाही.

दिवाळी झाली. भाऊबीज उलटून गेल्यावर एका दुपारी घोडके आला. ह्या वेळी मेहुणीबाई वगैरे काही नाही. दाढी वाढलेली, टोपी हातात. त्यानं घड्याळ काचेवर ठेवलं. पांढरीफट्ट डायल, काळेकुळकुळीत आकडे, केस अशी लखलखीत की तोंड बघून घ्यावं. कडा कुठं राहिल्याच नव्हत्या. सोलापूरच्या कारागिरानं जीव ओतून काम केलं होतं.

“शेठनं भिंग लावलं,” घोडके म्हणाला, “आणि मला म्हणाला, ह्याचं तोंड पुसून टाकलंत तुम्ही, आता ह्यात काय राहिलं? फराळाला हात लावला नाही त्यानं. तशीच गाडी फिरवली. पोरगं माझ्याशी बोलत नाही. बायको रोज उद्धार करते.” त्याचा आवाज चढला. “तू फसवलंस मला.”

“मी?” मी बाकड्यावर चहा घेत बसलेल्या हुसेनभाईंकडं वळले. “तुम्ही होता ना त्या दिवशी? काय सांगितलं मी ह्यांना?”

हुसेनभाई जमिनीकडं बघत म्हणाले, “साफ सांगितलं होतं तिनं. रंगवू नका, बफ मारू नका, असंच ठेवा. मी कानांनी ऐकलंय.”

घोडक्यानं एकच विचारलं, आणि ते इतक्या हळू विचारलं की मला नीट ऐकायला पुढं वाकावं लागलं.

“मग दाजी कशाला म्हणालीस?”

“नातं होतं म्हणून.”

तो स्टुलावर बसला. खरं म्हणजे कोसळलाच. माणूस केव्हा म्हातारा झाला ते मला तोवर दिसलं नव्हतं. टोपी चुरगळत त्यानं घड्याळ माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाला, “ठेव. तुमचंच होतं, तुम्हाला परत. मला नको हे आता. घरात आलं तेव्हापासून मी त्याचा हक्कदार नव्हतोच.”

मागं दार वाजलं. अक्का बाहेर आली होती. हाताला उडदाचं पीठ, पदर कमरेला खोचलेला. दारात आणून सोडल्यापासून ती दोघं एकमेकांसमोर कधी उभी राहिली नव्हती. घोडके धडपडत उठला.

“मथुरा,” तो म्हणाला, “आबांचं घड्याळ परत द्यायला आलोय.”

अक्कानं हात पदराला पुसले, घड्याळ उचललं, उजेडाकडं धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे आबांचं?” ती म्हणाली. “आबांचं असं नव्हतं. हे तर कालचं दिसतंय.” मग माझ्याकडं वळली. “शाले, तुला कळतं त्यातलं. तू सांग, हे आबांचं का?”

घोडके माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत जेवढी विनवणी होती, तेवढी लग्नाच्या पंगतीत आबांच्याही डोळ्यांत नसेल. मी हो म्हटलं असतं की झालं. घेतलं होतं ते परत केलं, फिटंफाट. तो हात झटकून घरी गेला असता आणि पोटभर जेवला असता.

“नव्हे, अक्का,” मी म्हणाले. “हे दुसरंच कुठलंतरी आहे.”

“अगं, खोटं बोलू नकोस!” घोडके ओरडला. “तू तुझ्या हातानं उघडलंस हे. हेच ते, मथुरा, आईशप्पथ हेच. मी फक्त रंगवून आणलं. हुसेनभाई, तुम्ही तरी सांगा.”

हुसेनभाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

अक्कानं घड्याळ त्याच्या हातात परत ठेवलं. रागानं नव्हे, एखाद्याची चुकून राहिलेली वस्तू द्यावी तसं. “घेऊन जा,” ती म्हणाली. “न्यायचं ते नेलंत, त्याचं काही नाही. पण माझ्या बापाच्या नावावर भलतंच काहीतरी खपवायला आता तरी येऊ नका.”

तो पायऱ्या उतरला. घड्याळ मुठीत होतं, ते खिशातही टाकता येईना त्याला. टपरीवरच्या कुणीतरी हाक मारली, तरी थांबला नाही. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. आबा असते तर रागावले असते, पण आबा नव्हते, आणि मला तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत बघत राहावंसं वाटलं. मी बघत राहिले.

वळले तेव्हा अक्का घोडक्याच्याच स्टुलावर बसली होती.

“‘तुमचंच होतं, तुम्हाला परत’ एवढंच आत ऐकू आलं आणि मी लाटणं टाकून उठले,” ती म्हणाली. “म्हटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, आणलं त्यानं. उशाशी ठेवीन म्हटलं. सकाळी चावी देत जाईन, आबा द्यायचे तशी.”

मी चिमटा उचलला. समोर कुणाचंतरी घड्याळ उघडं पडलं होतं, त्यात काय करायचं होतं ते मला आठवेना.

“मग आबांचं कुठं गेलं गं, शाले?”

“विकलं असेल त्यानं कुणाला तरी,” मी म्हणाले.

“हं,” म्हणून ती उठली आणि पदरानं डोळे पुसत पोळपाटाकडं परत गेली.